नगर परिषदेचे काम: मिळवण्यापेक्षा पेलण्याचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७ लाख ७२ हजार लोकसंख्या. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, आर्णी, नेर, घाटंजी, पांढरकवडा इथल्या नगर परिषदा आणि बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी, महागाव यांसारख्या नगरपंचायती एकत्र धरल्या, तर जिल्ह्यातले ते एक मोठे आणि वर्षभर चालणारे गिऱ्हाईक आहे. त्यांना ब्लीचिंग पावडर आणि तुरटी लागते, पथदिव्यांचे सामान लागते, हातपंपाचे सुटे भाग लागतात. घंटागाडीचा क्लच जातो, पाणीपुरवठ्याची मोटार जळते, सफाई कामगारांना गणवेश आणि गमबूट द्यावे लागतात, मालमत्ता कराच्या नोटिसा छापाव्या लागतात, उन्हाळ्यात टँकर लावावे लागतात, नालीवरचे ढापे बदलावे लागतात. यातले जवळजवळ प्रत्येक काम करणारा माणूस त्याच गावात दुकान किंवा वर्कशॉप उघडून बसलेला आहे. तरीही नगर परिषदेचे काम म्हटले की तो हात झटकतो. तिथे ओळख लागते, टक्केवारी लागते, आपले ते काम नाही, असे त्याचे ठाम मत असते. या मतात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण नियम, निविदेच्या अटी आणि बिलाचा प्रवास एका रांगेत ठेवून पाहिले, की त्याला बाहेर ठेवणाऱ्या दोन गोष्टी अधिक ठळक दिसतात: निविदेचा आकार, आणि काम संपल्यापासून पैसा हातात येईपर्यंतचा काळ. या दोन्ही गोष्टी बदलता येण्याजोग्या आहेत, आणि त्या बदलेपर्यंत छोट्या उद्योजकाने कोणते काम घ्यावे व कोणते सोडावे हेही त्यांच्यावरूनच ठरवता येते.

आधी वाटा पाहू. नगर परिषदा १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमाखाली चालतात. वस्तूंच्या खरेदीसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका हा राज्यातला आधार आहे. लहान रकमेची गरज दरपत्रकांवर भागते. बोलीभाषेत ज्याला कोटेशन म्हणतात ते हेच. त्यापुढची रक्कम ई-निविदेत जाते. २०१४ साली ई-निविदेची सीमा ३ लाखांवर ठेवली होती, ती पुढे वाढवली गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेले जेम हे केंद्राचे खरेदी पोर्टलही आता स्थानिक संस्था वापरतात. बांधकामाची गोष्ट वेगळी. तिथे सार्वजनिक बांधकाम विभागाकडची नोंदणी आणि तिचा वर्ग पाहिला जातो. सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषद ठरावीक रकमेपर्यंतची कामे मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि नोंदणीकृत कंत्राटदार अशा तीन गटांत काम वाटप समितीमार्फत वाटतात. नवख्याला पहिला अनुभव दाखला मिळवण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे, आणि तो दाखला पुढे नगर परिषदेच्या निविदेत चालतो. दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली केलेले काम मात्र सहसा धरले जात नाही. पोटठेकेदार म्हणून वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाकडे कामाचा डोंगर असतो आणि कागद एकही नसतो. पोटठेका घेताना मुख्य ठेकेदाराला कार्यालयाची लेखी मान्यता घ्यायला लावली, तर हा तोटा टळतो.

कागदांची तयारी कंटाळवाणी खरी, पण तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे घेणारा दलाल फसवतो आहे असेच समजावे. जीएसटी, पॅन, व्यवसाय कर, मालमत्ता कराचा बेबाकी दाखला, सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली तीन वर्षांची उलाढाल, मनुष्यबळ पुरवायचे असेल तर भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची नोंद, आणि महाटेंडर्स पोर्टलवर निविदा भरण्यासाठी वर्ग ३ ची डिजिटल सही. निविदा दोन लिफाफ्यांत जाते. पहिल्यात कागद, दुसऱ्यात दर. पहिल्या लिफाफ्यात एक प्रतिज्ञापत्र कमी पडले तर दुसरा उघडतच नाही, आणि सर्वांत कमी दर असूनही माणूस बाहेर राहतो. म्हणून पहिली निविदा भरण्याआधी एक काम फुकटात करता येते: त्याच पोर्टलवर आपल्या नगर परिषदेच्या जुन्या निविदांचे निकाल वाचणे. कोणते काम किती जणांनी भरले, कोण कशामुळे अपात्र ठरला, कोणता दर मान्य झाला, हे तिथे दिसते. जे दिसत नाही ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तुलनात्मक तक्ता मागून मिळवता येते. दोन वर्षांचे निकाल वाचलेला माणूस कुठे खरी स्पर्धा आहे आणि कुठे दरवर्षी तीच दोन-तीन नावे फिरतात, हे कोणालाही न विचारता ओळखू शकतो.

आता आकाराकडे येऊ, कारण इथे खरी चाळणी लागते. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये पात्रतेच्या अटींबाबत एक नमुना घालून दिला. गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची तीन कामे अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची, किंवा दोन ५० टक्क्यांची, किंवा एक ८० टक्क्यांचे केलेले असावे, आणि तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या किमान ३० टक्के असावी. देशभरातल्या निविदांत याच धर्तीच्या अटी दिसतात. अट वाजवी आहे; अनुभव नसलेल्या माणसाला सार्वजनिक पैसा कोणी देऊ नये. पण तिचा परिणाम रकमेवर अवलंबून असतो. शहरातल्या दहा प्रभागांतल्या नाल्यांचे काम २ कोटींच्या एकाच निविदेत बांधले, तर वर्षाला ६० लाखांची उलाढाल हवी आणि पूर्वी १ कोटी ६० लाखांचे एक काम केलेले हवे. तेच काम २० लाखांच्या दहा भागांत काढले, तर ६ लाखांची उलाढाल आणि १६ लाखांचे एक काम किंवा ८ लाखांची तीन कामे पुरतात. नाली तीच, सिमेंट तेच, खोदणारे हात बहुधा तेच. निविदेचा कागद कसा बांधला एवढ्यावर ठरते की दारव्ह्याचा किंवा घाटंजीचा अभियंता स्वतःच्या नावावर काम घेईल, की बाहेरून येणाऱ्या मोठ्या ठेकेदाराकडे तेच काम कमी दरात पोटठेक्याने करील.

यावर पहिली हरकत तयार असते: कामाचे तुकडे पाडणे हाच तर गैरव्यवहार. ई-निविदा टाळण्यासाठी एका रस्त्याची चार अंदाजपत्रके करायची आणि चारही आपल्या माणसांना द्यायची, हा प्रकार लेखापरीक्षकांना नवा नाही. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम १५७ वस्तूंच्या खरेदीतल्या अशाच फोडाफोडीला मनाई करतो. हरकत योग्य आहे, पण ती ज्या गोष्टीला लागू पडते ती वेगळी. निविदा चुकवण्यासाठी काम फोडणे आणि एकाच जाहीर ई-निविदेत प्रभागवार भाग ठेवणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात एकही रुपया स्पर्धेबाहेर जात नाही. मंजुरी एकूण रकमेवर, त्या रकमेला सक्षम असलेल्या अधिकाऱ्याकडून घ्यायची, जाहिरात एकच द्यायची, फक्त दर प्रत्येक भागाला वेगळा मागायचा. युरोपीय संघाच्या २०१४ च्या सार्वजनिक खरेदी निर्देशात तर उलटी सक्ती आहे: काम भागांत का विभागले नाही, याचे कारण खरेदी करणाऱ्या कार्यालयाने नोंदवायचे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुख्याधिकाऱ्याने एवढीच एक ओळ निविदेच्या टिपणीत लिहायला सुरुवात केली, तरी पुष्कळ फरक पडेल. सगळीच कामे भागांत काढता येत नाहीत, हेही उघड आहे. बेंबळा प्रकल्पातून यवतमाळ शहरात पाणी आणणाऱ्या अमृत योजनेची मुख्य जलवाहिनी दहा जणांत वाटून चालणार नाही. तिथे एकाच यंत्रणेवर जबाबदारी हवी. पण वाहिनीसाठी खोदलेले गल्लीतले रस्ते पूर्ववत करणे, घरोघरच्या नळजोडण्या देणे, ही कामे त्याच कंत्राटात अडकवण्याची गरज नाही.

दुसरी मागणी अनेकदा ऐकू येते, आणि तिला पाठिंबा देता येत नाही: कामे जिल्ह्यातल्याच लोकांना राखून ठेवा. भावना समजण्यासारखी आहे, पण तशी भिंत कायद्यात उभी राहत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगड सरकारच्या क्रीडा साहित्याच्या निविदेतली, त्याच राज्याच्या संस्थांना आधी पुरवठा केलेला असावा ही अट रद्द केली. बाहेरच्या पुरवठादाराला दारातच अडवणारी अट समान संधीच्या विरोधात जाते, असा त्या निकालाचा रोख आहे. शिवाय पांढरकवड्याने भिंत घातली तर वणीही घालील, आणि जिल्ह्यातल्या उद्योजकाला आपल्या गावाबाहेर कामच उरणार नाही. छोट्या भागांची निविदा सर्वांना खुली असते. १२ लाखांच्या दुरुस्तीसाठी नागपूरहून माणसे आणि यंत्रे आणणे परवडत नाही आणि गावातल्या माणसाला परवडते, एवढाच त्याचा फायदा, आणि तो कायदेशीर आहे.

राखीव वाट्याचा विचार मात्र वेगळ्या पायावर करता येतो, कारण तिथे निकष गावाचा नसून उद्योगाच्या आकाराचा असतो. केंद्राने २०१२ मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरण लागू केले. आज त्यानुसार केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा किमान २५ टक्के हिस्सा अशा उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांचा. सर्वांत कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत असलेल्या छोट्या उद्योगाला तो दर मान्य करून पुरवठ्याचा वाटा घेता येतो. यवतमाळ जिल्ह्यात या धोरणाचा एक मोठा दरवाजा वणीला आहे. उकणी, जुनाड, घोन्सा इथल्या कोळसा खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोल इंडियाची कंपनी, म्हणजे केंद्रीय उपक्रम, म्हणून तिला ही सक्ती लागू आहे. वणी नगर परिषदेला ती लागू नाही. एकाच गावातला वर्कशॉपवाला खाणीला सुटे भाग देताना जो हक्क सांगू शकतो, तो नगर परिषदेपुढे त्याच आधारावर सांगू शकत नाही. राज्याच्या नियमपुस्तिकेत लघुउद्योगांचा विचार आहे, पण नगर परिषदेने वर्षाअखेर किती खरेदी कोणाकडून केली याचा हिशेब कोणापुढे मांडला जात नाही. हिशेब मांडावा लागला की सवलत प्रत्यक्षात येते; अमेरिकेत २३ टक्क्यांचे उद्दिष्ट दरवर्षी खातेनिहाय तपासून जाहीर केले जाते, म्हणूनच त्याला वजन आहे. दोन मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. केंद्राचे हे धोरण वस्तू उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या हार्डवेअर किंवा स्टेशनरीच्या दुकानदाराला उद्यम क्रमांक मिळतो, पण हा लाभ मिळत नाही. बांधकामाची कंत्राटेही त्यातून बाहेर राहतात.

आणि आता पैसा. कारण निविदा जिंकलेला माणूसच इथे बुडतो. एक हिशेब मांडू. अंदाजपत्रक १० लाखांचे, प्रत्यक्ष खर्च साडेआठ लाख. स्पर्धेत टिकायला ८ टक्के ‘बिलो’ भरले, म्हणजे काम ९ लाख २० हजारांना घेतले. कागदावर नफा ७० हजार. बिलातून आयकराची १ टक्का कपात होते ९,२०० रुपयांची, जीएसटीची २ टक्के कपात १८,४०० रुपयांची, कामगार उपकर १ टक्का ९,२०० रुपये, आणि सुरक्षा ठेव ५ टक्के धरली तर ४६,००० रुपये. एकूण ८२,८०० रुपये, म्हणजे अपेक्षित नफ्याहून जास्त रक्कम हातात येण्याआधीच बाजूला जाते. करकपातीचे पैसे पुढे वळते होतात, ठेव दोषदायित्वाचा काळ संपल्यावर परत मिळते, पण सिमेंटवाला तोवर थांबत नाही. त्यात साडेआठ लाख बाजारातून महिना २ टक्क्यांनी उचलले असतील तर दरमहा १७ हजार व्याज. बिल चार महिने रखडले की ६८ हजार गेले, नफा संपला. वर ९ लाख २० हजारांवरचा १८ टक्के जीएसटी १ लाख ६५ हजारांच्या घरात जातो. बिल दिले की, खरेदीवरच्या कराची वजावट सोडून, तो वेळेवर भरावा लागतो, नगर परिषदेचा धनादेश आलेला असो वा नसो. ज्याच्याकडे चार महिने थांबण्याइतके स्वतःचे भांडवल आहे त्याने ८ टक्के बिलो भरावे. ज्याच्याकडे नाही त्याने तो दर भरूच नये, काम हातचे गेले तरी चालेल. नवख्यांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते आणि ते कोणत्याही ओळखीने भरून निघत नाही.

कायदा काय देतो? वस्तू व सेवा देणाऱ्याला बरेच काही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेने दिलेल्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि नगर परिषदही इथे खरेदीदारच आहे. पण बांधकामाच्या ठेकेदारासाठी हे दार जवळजवळ बंद आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शेजारच्या वर्ध्याच्या पालिकेच्या प्रकरणात, बांधकामाचे एकत्रित कंत्राट या कायद्याखाली येत नाही, असे ठरवले. उशिरा बिल देणाऱ्या खरेदीदाराची वजावट नाकारणारी आयकर कायद्यातली तरतूदही इथे निरुपयोगी, कारण नगर परिषदेला आयकरात वजावट घ्यायचीच नसते. म्हणून भांडवल कमी असलेल्याने सुरुवात बांधकामाने करू नये, असे म्हणावेसे वाटते. मोटार दुरुस्ती, छपाई, गणवेश, वाहन देखभाल, वार्षिक दरकरार अशा कामांत रक्कम लहान असते, माल थोडा थोडा जातो, आणि कायदा पाठीशी असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी सुमारे ८९ हजार कोटींची देणी थकल्याचा दावा करीत आंदोलन पुकारले होते. त्या आकड्यावर वाद होऊ शकतो. थकबाकीच्या ओझ्यावर नाही.

छोटे लोक दर्जा राखू शकत नाहीत, ही हरकत प्रामाणिक अभियंतेही घेतात, आणि नगर परिषदेच्या बांधकाम विभागात माणसे किती कमी असतात हे पाहता ती हसण्यावारी नेता येत नाही. दहा ठेकेदार म्हणजे दहा मोजमाप पुस्तिका, दहा चाचणी अहवाल, दहा बिले. पण एका मोठ्या ठेक्यातही प्रत्यक्ष काम चार-पाच पोटठेकेदार करतात, आणि तिथे खराब काम कोणाचे हे शोधणेच कठीण होते. स्वतःच्या नावाने काम करणारा गावातला माणूस दोषदायित्वाच्या काळात पळून जाऊ शकत नाही; त्याचे घर त्याच रस्त्यावर असते. महिला बचत गटांना थेट काम देण्याची वाटही आता रुळते आहे. अमृत २.० मधील अमृत मित्र उपक्रमात उद्यानांची देखभाल आणि पाण्याच्या गुणवत्तेची तपासणी यांसारखी कामे गटांकडे सोपवली जातात.

राहिली टक्केवारी. ती आहे म्हणून निविदा भरायचीच नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण कायदा बदलला आहे हे माहीत असावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र सक्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर त्याला संरक्षण आहे. लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे. एकटा माणूस तक्रार करायला घाबरतो, कारण पुढचे बिल त्याच टेबलावर असते. व्यापारी मंडळाने किंवा उद्योजक संघटनेने त्याच्या बरोबर उभे राहणे हाच यावरचा व्यवहार्य उपाय दिसतो. आणि जिथे बिल कधी निघेल हे कोणालाच माहीत नसते, तिथेच फाइल सरकवण्याची किंमत वाढते.

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर राज्यातल्या नगर परिषदांत प्रशासकांच्या जागी पुन्हा निवडून आलेले सदस्य बसले आहेत. अर्थसंकल्पाबरोबर वर्षभराच्या खरेदीचे वेळापत्रक त्यांना मांडता येईल, म्हणजे मार्चअखेरच्या घाईत निघणाऱ्या आठ दिवसांच्या निविदा कमी होतील. पंधराव्या वित्त आयोगाच्या यवतमाळसारख्या शहरांसाठीच्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाणीपुरवठ्याला बांधलेला होता. असा पैसा कोणत्या कामांसाठी येणार हे आधीच माहीत असते, त्यामुळे ती कामे भागांत आखायला वेळही मिळतो. आणि एक मागणी तर एका पानात मावते: आलेले प्रत्येक बिल तारखेसह नोंदवहीत चढवायचे, ती नोंदवही संकेतस्थळावर ठेवायची, निधी आला की त्याच क्रमाने पैसे द्यायचे, आणि क्रम मोडला तर मुख्याधिकाऱ्याने कारण लिहायचे. त्यासाठी शासनाच्या नव्या आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक कार्यालयाने माहिती आपणहून जाहीर करावी असेच सांगते, आणि एखाद्या नगर परिषदेला तसा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेतही घेता येईल.